मागचं माझ्याकडे राहील

लालबाग-परळमधल्या निम्म्या माणसांना आमच्या मावसोबांनी एकदा तरी स्वित्झर्लंडला पाठवलेलं आहे, आणि त्यातल्या एकालाही त्यांनी स्वेटरशिवाय जाऊ दिलेलं नाही. हे मी थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच. मावसोबा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. वय चौऱ्याहत्तर, उंची मध्यम, आवाज दोन मजल्यांना पुरेल एवढा. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सोळा नंबरची खोली आमची आणि सतरा नंबरची त्यांची. मध्ये एकच भिंत, तीही अशी की इकडे फोडणी टाकली की तिकडे ठसका लागावा. या सतरा नंबरात, जिथे पूर्वी मावशीचं शिलाई मशीन असायचं, तिथे आता एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर मावशीच्या वेळचा क्रोशाचा रुमाल घातलेला असतो. या कॉम्प्युटरवर मावसोबा लोकांच्या फोटोंतली मागची बाजू बदलून देतात. तुम्ही जिन्यात उभे असाल तर तुम्हाला बागेत नेतात, बागेत असाल तर बर्फात. खाली इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या भय्याला बर्फ हवा होता. मे महिना, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मावसोबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "बरफ में हाफ शर्ट? न्यूमोनिया होएगा तेरे को." तो बिचारा म्हणाला, "चाचा, फोटो में ठंड थोडी लगती है!" "तेरे को नहीं लगती, देखनेवाले को लगती है," मावसोबा म्हणाले, आणि ट्रंकेतला स्वतःचा स्वेटर काढून त्याला गॅलरीत उन्हात उभा केला. फोटो निघाला, पण कपाळभर घाम आला. मग बर्फात घाम कसा, लोक म्हणतील ह्याला ताप आलाय, म्हणून दोन दिवस खपून त्यांनी तो घाम थेंबाथेंबाने पुसला. भय्याच्या गावी तो फोटो अजून भिंतीवर आहे असं ऐकते.

हा स्वभाव मिलने दिला. मावसोबा घडी खात्यात कापड तपासायला होते. काचेचं टेबल, खालून दिवा, वरून कापड सरकत जाणार, आणि ह्यांनी हातात खडू घेऊन बघत राहायचं. कुठे धागा तुटला, कुठे गाठ आली, कुठे तेलाचा डाग पडला की तिथे खूण. मिल बंद पडून जमाना झाला, कापड सरकायचं थांबलं, पण ह्यांच्या खिशातला खडू काही गेला नाही. आजही त्यांच्या सदऱ्याचा डावा खिसा पांढरा असतो. भाजीवाल्याच्या टोपलीतल्या वांग्यावर खूण करतात, पंचांगाच्या छपाईवर करतात, आणि एकदा तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलणाऱ्या सेक्रेटरीच्या मागच्या भिंतीवर, त्यांचं प्रत्येक वाक्य चुकलं की एक, अशा अकरा केल्या. माझ्या लग्नात स्टेजवर येऊन त्यांनी नवऱ्याला आशीर्वाद दिला, त्याच्या नव्या कोटावरून उलटा हात फिरवला, आणि खांद्याखाली खडूने एक रेघ मारून खाली उतरले. "हयसर धागो ओढलेलो आसा. दुकानदाराक दाखव," एवढंच बोलले. अल्बममधल्या निम्म्या फोटोंत माझा नवरा खांद्यावर ती रेघ मिरवतो आहे. तो आजही म्हणतो की मला तपासून घेतलं, पण पास केलं की नाही ते सांगितलंच नाही.

त्याच अल्बममध्ये मावशी दोनदा आहे. एकदा तिची पाठ दिसते आणि एकदा तिच्यापुढे धरलेला ताटांचा ढीग. ह्यात नवल काही नाही, कारण मावशी आयुष्यभर फोटोपासून पळाली. कॅमेरा निघाला की ती चुलीकडे, नळाकडे, नाहीतर सरळ दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर. कोणी गाठलंच तर पदर तोंडावर ओढून ओरडायची, "शिरा पडो तुझ्या त्या डब्यार! थय नवरा-नवरी उभी आसत, तेंका काढ!" तिच्या स्वतःच्या लग्नात फोटोवाला कणकवलीहून यायचा होता, तो आलाच नाही. पन्नास वर्षं झाली, पण विषय निघाला की मावसोबा अजूनही असे चिडतात जसा तो आत्ता कुठेतरी वाटेत चहा पीत बसला आहे. त्यांना मूलबाळ नाही, म्हणजे बारशाचे, शाळेचे, वाढदिवसाचे फोटो नाहीत. चार वर्षांपूर्वी मावशी गेली. बाराव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा, तर घरात सापडलं फक्त मतदानाचं ओळखपत्र. स्टेशनजवळच्या फोटोवाल्याने तोच चेहरा मोठा केला, पाठीमागे निळं आभाळ आणि सूर्याचे किरण घातले, आणि फ्रेम करून दिली. मावसोबांनी ती उजेडात धरली, भिंग लावलं, आणि परत गुंडाळली. "ही ती नाय," ते म्हणाले. आईने समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं. "अहो, दिवस तर होऊ द्या." ते हटले नाहीत. बारावा सुपारी मांडून झाला. भिंतीवर त्यांनी त्याच सकाळी खिळा ठोकून ठेवला होता, तो तसाच राहिला. त्या खिळ्यावर मावशीचा, तिचा वाटेल असा, एक फोटो लागला पाहिजे, एवढं एकच काम मावसोबांनी त्या दिवसापासून आयुष्यात ठेवलं. बाकीचं सगळं, स्वित्झर्लंडसकट, त्या खिळ्यापायी आलं.

कारण महिन्याभरात ते दादरच्या एका कॉम्प्युटर क्लासात जाऊन बसले. बाकीची मुलं कॉलेजातली, शिकवणारी मॅडम बावीस-तेवीसची. मावसोबा इस्त्रीचा शर्ट घालून, दोनशे पानी वही घेऊन पहिल्या बाकावर. मी स्वतः आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. आहे, आणि हे मी कुठल्याही बोलण्यात घुसवतेच, तेव्हा इथेही घुसवते. पण एवढ्या मन लावून मी तीन वर्षांत एक दिवस शिकले नव्हते. वहीत इंग्रजी शब्द एक नाही. 'डावीकडल्या पट्टीत वरून तिसरो, फासासारखो' अशी एकेका अवजाराची ओळख लिहिलेली. पहिल्याच आठवड्यात मॅडमला दिसलं की स्क्रीनवर खडूच्या रेघा आहेत. "आजोबा, स्क्रीनवर लिहायचं नसतं हो!" "लिवूक नाय मॅडम, खूण केलंय. हयसर हेच्या कानाची कड सुटली आसा." मॅडमने बघितलं तर खरंच सुटली होती. एकदा त्यांनी खिशातून मिलमधलं धागे मोजायचं भिंग काढलं आणि स्क्रीनला लावलं, आणि सगळा क्लास दचकेल अशा आवाजात ओरडले, "मॅडम! तीनच रंगाचे धागे! तांबडो, हिरवो, निळो! सगळो जग तीन धाग्यात विणलेलो आसा!" मॅडमने हे चॅप्टर पाचमध्ये ठेवलं होतं. तिचं आणि त्यांचं एकाच गोष्टीवर जमलं नाही. ती म्हणायची, "आजोबा, आधी सिलेक्ट करा, मग डिलीट." हे म्हणायचे, "आधी बघूक होया, मॅडम. काय फेकतंय ता बघूक नको?" मुलं एका तासात दहा फोटो करायची. हे दहा तासांत एक करायचे, पण त्या फोटोत मागे कोणाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि पिंपावर झाकण होतं की नव्हतं, हे त्यांना पाठ असायचं.

क्लास संपल्यावर पहिलं गिऱ्हाईक आली ती आमच्या चाळीत तीस वर्षं मासे घेऊन येणारी वरळी कोळीवाड्याची कोळीणबाई. मुलीच्या लग्नाचं बघत होते आणि मुलीचा एकच बरा फोटो होता, त्यात मागे दोरीवर बोंबील वाळत घातलेले. "तेवढे बोंबील काढ नि बाग घाल," एवढी साधी मागणी. आठवड्याने मावसोबांनी फोटो दिला तो पिवळ्या गोलांनी भरलेला. सतरा गोल. डाव्या हातात बांगडी एक कमी, भांग तिरका, दोरीला मधे झोळ, तिसरा बोंबील उलटा. कोळीणबाईने टोपली खाली ठेवली आणि सगळी चाळ गॅलरीत आली. "आरं दादा, बाग मांगितली व्हती मी, तू माझे पोरीला कांजण्या दिल्यास!" मावसोबा शांतपणे म्हणाले, "माझा काम खूण करूचा. दुरुस्त करणारे वेगळे." मिलमध्ये ते वेगळेच असायचे ना! खूण करणाऱ्याने सुई हातात घ्यायची नाही, असा तिथला कायदा. इथे खातं एकट्याचं आहे, खूणही तुम्हीच करायची आणि दुरुस्तीही, हे त्यांना समजवायला मला अर्धा दिवस लागला. मग त्यांनी अशी काही बाग घातली की मुलाकडच्यांनी म्हणे पहिला प्रश्न विचारला, कोळीवाड्यात एवढी मोठी बाग कुठेशी आहे? लग्न मात्र जमलं. कोळीणबाईने पापलेट आणून दिलं. ते मावसोबांनी घेतलं, त्याच्या कल्ल्यावर खडूने खूण केली, आणि तरीही खाल्लं.

त्यानंतर जिन्याजवळच्या चाळीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत सूचना लागली: 'फोटोची मागची बाजू बदलून मिळेल. फुकट. मूळ फोटो आणावा. जुना असल्यास उत्तम. कापलेला चालणार नाही. मागचं माझ्याकडे राहील.' शेवटच्या वाक्यावर लोक हसायचे. मागचं ठेवून काय करणार हा म्हातारा? मला मात्र कळायला एक चक्कर पुरली. एका रविवारी गेले तर स्क्रीनवर कुणाच्या तरी लग्नाचा फोटो होता आणि त्यात नवरा-नवरीच नव्हती. त्यांच्या आकाराचं एक भलंमोठं पांढरं भोक, शेजारी भटजी त्या भोकावर अक्षता टाकतोय. पुढच्या फोटोत बारसं होतं, पाळणा होता, बाळाच्या जागी भोक. सत्यनारायणाची पूजा, यजमानांच्या जागी दोन भोकं. आणि मावसोबा भिंग घेऊन त्या भोकांच्या कडेकडेने मागची माणसं न्याहाळत बसलेले. चाळीत कार्य कुणाचंही असो, मावशी मागे कुठेतरी राबत असणारच, हे त्यांना माहीत होतं. म्हणून लोकांना ते पुढचं परत करत आणि मागचं ठेवून घेत. एका फोल्डरात तिचे सापडलेले तुकडे होते, प्रत्येकाला नाव दिलेलं: कोपर. पाठ. पदर हिरवो. अर्धो कान. परत पाठ. मी विचारलं, "पण मावसोबा, कोळीणबाईच्या फोटोत मावशी कशी असेल? वरळीला?" ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "बाजाराक जायची ती."

मधे माझ्या नवऱ्याने शहाणपणा केला. मोबाईल काढून म्हणाला, "मावसोबा, हे ॲप बघा. एक टिचकी मारली की बॅकग्राउंड साफ. एक सेकंद लागत नाही." त्याने मारूनही दाखवली. मावसोबांनी मोबाईल घेतला, उलटून पाठीमागे बघितलं, जसं काही काढून टाकलेलं तिथे सांडलं असेल. "गेला खय ता?" "काय?" "मागचा." "गेलं. उडालं." "कोण होता मागे?" नवऱ्याने बघितलंच नव्हतं आणि मोबाईलने तर नाहीच नाही. "मगे?" मावसोबा म्हणाले आणि मोबाईल परत केला. त्या दिवसापासून माझा नवरा त्यांच्यासमोर ॲपचं नाव काढत नाही.

तीन वर्षं अशी गेली. चाळ झाली, शेजारच्या दोन चाळी झाल्या, कॉटन ग्रीनपासून माटुंग्यापर्यंतचे नातेवाईक झाले, मिलमधले जुने जोडीदार झाले. मावशीच्या पाठी बारा जमल्या, पूर्ण चेहरा एक नाही. शेवटी एका दुपारी मला निरोप आला, "ये, दाखवचा आसा." गेले. त्यांनी तुकडे जोडले होते. हनुवटी माझ्या लग्नातली, ताटांच्या ढिगाखालून निसटलेली. कान तिसऱ्या मजल्यावरच्या बारशातला. कपाळ पूजेतलं आणि डोळे ओळखपत्रातले. सांधे इतके बेमालूम की भिंगातूनही सापडू नयेत. आणि स्क्रीनवरून आमच्याकडे एक बाई बघत होती, करारी, अनोळखी, आमच्या चाळीच्या जुन्या मालकिणीसारखी. मी नकळत पदर सारखा केला. मावसोबांनी विचारलं, "ही कोण गो?" आणि त्यांनी मॅडमने शिकवलेली मागे घ्यायची दोन बटणं दाबली. डोळे गेले. परत दाबली, कपाळ गेलं. हनुवटी गेली. दागिने उतरवावेत तसं एकेक करत सगळं उतरलं आणि स्क्रीन पांढरी झाली. "कान तेवढो बरोबर होतो," ते म्हणाले, आणि उठून चहाला आधण ठेवलं.

आता माझ्यावर येते. आईला एकटीला जिने झेपेनात म्हणून मी तिला माझ्या घरी न्यायचं ठरवलं आणि सोळा नंबरची आवराआवर काढली. भिंतीवर माझा पदवीचा फोटो होता. काळा गाऊन, हातात गुंडाळी, आणि चेहऱ्यावर असा भाव जसं विद्यापीठ मीच बांधलं. वीस वर्षं तो तिथे लटकलेला, भोवती अंडाकृती भोक पाडलेला जाड पांढरा कागद, त्या भोकात फक्त मी. खरं सांगते, तो कागद मीच लावून घेतला होता. फोटो गॅलरीत काढलेला. मागे कपड्यांच्या दोऱ्या, पाण्याची पिंपं, उघडी दारं. कॉलेजातल्या मैत्रिणींचे फोटो विद्यापीठाच्या बागेत, घड्याळाच्या टॉवरखाली, आणि माझ्यामागे कुणाचा तरी वाळत घातलेला लेंगा! शिवाय गाऊनच्या काळ्या बाहीवर पांढऱ्या दोऱ्याचे टाके होते, तेही मला नको होते. आता नव्या घरात हॉलमध्ये तोच फोटो लावायचा, पण मागे टॉवर घालून, असं माझ्या मनात होतं. मी फ्रेम घेऊन शेजारी गेले. "मावसोबा, मलाही पाठवा कुठेतरी. विद्यापीठात चालेल." त्यांनी कागदावर बोट आपटलं. "कापलेलो चालाचो नाय. फळो वाचूक नाय तू?" "कापलेला नाहीये हो, झाकलेलाय." "मगे उघड."

त्यांनीच मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला, आणि तो पांढरा कागद बाजूला केला.

सतरा नंबरच्या दारात मावशी उभी होती. पूर्ण. पदर कमरेला खोचलेला, एका हातात सुई, सुईतून लोंबणारा दोरा, मान जराशी कलती, आणि पुढचा अर्धा तुटलेला दात दिसेल एवढी हसत होती. कॅमेऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती बघत होती माझ्या बाहीकडे.

मला सगळं आठवलं. कॉलेजातून संध्याकाळपर्यंत परत करायच्या बोलीवर आणलेला गाऊन, जिन्याच्या कठड्याला अडकून टर्रकन फाटलेली बाही, माझं रडणं, खाली थांबलेला फोटोवाला. मावशी सुई-दोरा घेऊन धावत आली होती आणि तिने अंगावरच बाही शिवली होती. मी तिच्यावर खेकसले होते, "काळा दोरा नाही का गं तुझ्याकडे? फोटोत दिसेल ना!" "कोण बघता गो बाहीक? बी.ए. झालंस ता बघतले." दात लावून दोरा तोडला, आणि आपला टाका कसा दिसतोय ते बघायला चार पावलं मागे सरकली. आयुष्यात एकदाच ती पळायची विसरली, कारण तिला टाका बघायचा होता. पुढे फ्रेमवाल्याने मला विचारलंही होतं, "ताई, मागच्या बाईंना ठेवायचं का?" मी म्हटलं होतं, "नको. फक्त मी." हे मी मावसोबांना सांगितलं. न सांगता राहता आलं नसतं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते भिंग घेऊन वाकले होते. नुसतं म्हणाले, "भिंतीपलीकडे होती गो." मी भिंतीकडे बघितलं. ज्या भिंतीच्या आमच्या बाजूला हा फोटो वीस वर्षं टांगलेला होता, तिच्याच त्यांच्या बाजूला तो रिकामा खिळा होता.

मग ते अवघडले. माझ्याकडे बघेनात. कारण मावशी फोटोत मागे होती आणि तिच्यापुढे, फोटोभर, मी. मला वाटतं त्या गाऊनचा माझा तोरा त्यांनाच जास्त माहीत होता. शेवटी माऊसकडे बघत विचारलं, "तुका काढू काय गो?" घराण्यातल्या पहिल्या पदवीधराला असं कोणी विचारलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. "काढा," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी फोन. "ये." आवाजावरून वाटलं, खिळ्यावर फोटो लागला. गेले तर खिळा रिकामाच आणि मावसोबा चिडलेले. स्क्रीनवर मावशी एकटी होती. माझ्या जागी त्यांनी गॅलरीचा कठडा पुरा केला होता, पिंपं मांडली होती, काम असं की माझी आई शपथेवर म्हणाली असती की ह्या फोटोत आमची मुलगी कधी नव्हतीच. "सुंदर झालाय," मी म्हटलं. "काय सुंदर! बघ नीट. कोणाक बघून हसता ती?" मी बघितलं. मावशी तोंडभर, कौतुकाने, पाण्याच्या पिंपाकडे बघून हसत होती. "पिंपाक बघून हसता!" मावसोबा ओरडले. "माझी बायल पिंपाक बघून हसणारी न्हय!" मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. मग त्यांनी बटणं दाबायला सुरुवात केली. एकेक पिंप मागे गेलं, कठडा मागे गेला, आणि डाव्या कडेला हळूहळू मी परत यायला लागले. आधी गुंडाळीचं टोक, मग बोटं, मग मनगट, मग काळी बाही. "बस," मी म्हटलं. "एवढीच पुरे."

तो फोटो आता खिळ्यावर आहे. मावशी पूर्ण, आणि कडेला एक काळा हात. छापून आला त्या दिवशी मी तिथे होते. मावसोबांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, सवयीने त्यावरून उलटा हात फिरवला, खडू काढला, भिंग लावलं. चेहऱ्यावरून भिंग सरकत बाहीवर आलं आणि तिथे थांबलं. काळ्यावर पांढरे टाके, वाकडेतिकडे, एक मोठा एक लहान. घडी खात्यातला कुठलाही माणूस लांबून ओरडेल असा दोष. माझ्या नवऱ्याच्या कोटावरचा एक ओढलेला धागा भर मांडवात ज्यांना सोसला नव्हता, त्यांनी ते टाके मोजले. "सात," म्हणाले. मी म्हटलं, "मावसोबा, तेवढा दोरा काळा करता येईल ना?" त्यांनी खडू परत खिशात टाकला. "ऱ्हवांदे. तितकाच तिच्या हातचा रवला."

माझा मूळ फोटो मी तसाच, लेंग्यासकट, हॉलमध्ये लावला आहे. फळ्यावरची सूचना मावसोबांनी पुसली. आई माझ्याकडे आली, सोळा नंबरला कुलूप आहे, आणि भिंतीच्या आमच्या बाजूला आता फक्त फ्रेमच्या आकाराचा एक उजळ चौकोन राहिला आहे. परवा गेले तेव्हा इस्त्रीवाला भय्या दारात उभा होता. गावाकडचा जुना फोटो घेऊन आला होता, घरासमोर तो आणि मागे अंगणात दहा-बारा माणसं. त्याला काश्मीर हवं होतं. या वेळी शहाणा होऊन स्वेटरही घेऊन आला होता. मावसोबांनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि त्याच्याच हातात परत ठेवला. "पहले देख तो ले," ते म्हणाले, "पीछे कौन कौन खड़ा है." भय्या दाराच्या चौकटीला टेकला आणि बघायला लागला.